तीन महिने घर बंद राहणार: टाकीतल्या कोळंब्यांचं काय करू?

अबोली | ३ मार्च

नमस्कार मंडळी. लेकीचं बाळंतपण आहे, जर्मनीत. १५ एप्रिलला निघतोय, परत यायला जुलैचा मध्य उजाडेल. हेही बरोबर येणार, म्हणजे कोथरूडचं घर तीन महिने बंद.

प्रश्न आहे तो हॉलमधल्या एक फुटी काचेच्या टाकीचा. भाचा शिकायला आमच्याकडे होता तेव्हा त्याने ती लावली. नोकरी लागून तो बंगळुरूला गेला आणि टाकी माझ्याकडे राहिली. साधारण २७ लिटर पाणी, स्पंज फिल्टर, भरपूर जावा मॉस आणि एक अनुबियास (दोन्ही पाणवनस्पती) आणि लाल चेरी कोळंब्या. नेमक्या मोजता येत नाहीत, पण ६० तरी असतील. टाकीला दोन वर्षं झाली.

सुरुवातीला मला त्यांचं विशेष काही वाटत नव्हतं. मग एक दिवस मेथी निवडताना लक्ष गेलं. एक मादी काचेला बिलगून होती आणि तिच्या पोटाखाली पिवळट अंडी, खसखशीहून जरा मोठी. पोटाखालच्या पायांनी ती त्यांना सारखा वारा घालत होती, मध्येच मागचा पाय आत घालून अंडी चाळवत होती. मेथी तशीच राहिली, मी अर्धा तास बघत बसले. तेव्हापासून सकाळचा चहा टाकीसमोरच होतो.

शेजारच्या वहिनींकडे किल्ली असते, आठवड्यातून एकदा त्या कुंड्यांना पाणी घालतील. त्यांनाच रोज दाणे टाकायला सांगू का? की दुकानात मिळतो तो सुट्टीचा पांढरा ठोकळा टाकून जाऊ? की सरळ कुणाला देऊन टाकू? देऊन टाकायला मन होत नाही.

तिखटमीठ | ३ मार्च

अबोलीताई, आमच्याकडे कोळंबी म्हटलं की आई आधी नारळ खवायला घेते. ६० म्हणजे वाटीभर तरी कालवण होईल!

अबोली | ३ मार्च

तिखटमीठ, अहो एकेक जेमतेम अडीच सेंटीमीटरची आहे. आणि तुम्ही एकदा ती अंडी सांभाळणारी मादी बघा, मग वाटी तुम्हीच बाजूला ठेवाल.

पाणकोंबडी | ४ मार्च

ताई, पहिली गोष्ट: उपाशी मरतील ही भीती मनातून काढून टाका. दोन वर्षं जुन्या टाकीत मॉसवर, काचेवर, स्पंजवर बुळबुळीत थर असतो ना, तेच त्यांचं खरं जेवण. शेवाळ, जिवाणू, कुजलेलं पान, गळून पडलेली स्वतःची कातसुद्धा त्या खातात. आपण टाकतो ते दाणे म्हणजे वरचं गोडधोड.

मी दर गणपतीत राजापूरला बारा-पंधरा दिवस असते. चार वर्षांत एकदाही मागे खाऊ ठेवलेला नाही. आल्यावर उलट काच जास्त स्वच्छ असते.

तो पांढरा ठोकळा मुळीच टाकू नका. बरेचसे ठोकळे प्लास्टरमध्ये खाद्य मिसळून केलेले असतात. ते विरघळतं, खाद्य तळाशी साचतं आणि कुजतं. २७ लिटरमध्ये कुजलेलं पचवायला जागाच नसते.

खाडीकाठ | ४ मार्च

पाणकोंबडी यांच्या शब्दाशब्दाला अनुमोदन, आणि त्यासाठी मोजलेली किंमत सांगतो.

मी ठाण्याला राहतो. दोन वर्षांपूर्वी नऊ दिवस केरळला गेलो होतो. समोरच्या घरातला मुलगा, सहावीतला, माझ्याबरोबर रोज टाकी बघायला यायचा. त्याला दाण्यांची बाटली दिली आणि सांगितलं, दोन दिवसांनी दोन दाणे. त्याने रोज चिमूटभर टाकले, कारण दाणा पडला की सगळ्या धावत येतात आणि त्याला वाटायचं की त्या भुकेल्या आहेत. परत आलो तेव्हा पाणी ताकासारखं झालं होतं. दाणे कुजले, अमोनिया वाढला. कोळंबी मेली की उकडल्यासारखी गुलाबी-पांढरी होते, तशा तळाशी पडल्या होत्या. चाळीसच्या वर मोजल्या आणि मग मोजणं सोडलं.

तो मुलगा दारात उभा राहून रडत होता. चूक त्याची नव्हतीच. त्याच्या हातात बाटली मी दिली होती. सात वाचल्या, त्यातल्या तीन त्यालाच दिल्या. आज त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहेत.

तेव्हा ताई, वहिनींना पाणी बघू दे, पण दाण्यांची बाटली कपाटात कुलूप लावून ठेवा.

मालवणी_सुंगटा | ४ मार्च

अवांतर, पण विचारतो. मोठी ती कोळंबी, बारीक ती करंदी, त्याहून बारीक जवळा. आमच्याकडे सरसकट सुंगटां. मग ह्या टाकीतल्या बारक्यांना म्हणायचं काय? करंदी म्हटलं तर चालेल?

पाणकोंबडी | ४ मार्च

मालवणी_सुंगटा, म्हणायला काहीच हरकत नाही, पण करंदी आणि जवळा समुद्राचे, या पक्क्या गोड्या पाण्याच्या. मूळ चीन, तैवानकडच्या. रानात रंग मातकट, लाल रंग माणसाने निवडून निवडून आणलेला. आणि यांची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तीच आईची चिमुकली नक्कल बनून, तरंगणाऱ्या अळीची अवस्था नाहीच. म्हणून तर घरच्या टाकीत आपोआप वाढतात. टाकीत पाळतात त्या दुसऱ्या जातीचं, अमानो कोळंबीचं, तसं नसतं, तिच्या अळ्यांना खारं पाणी लागतं, त्यामुळे घरच्या टाकीत तिचा वंश पुढे जात नाही.

ऊनसावली | ५ मार्च

नागपूरहून लिहितोय. सगळे खाण्यावर बोलताहेत, माझ्या मते ताईंचा खरा शत्रू महिना आहे. एप्रिल-मे. बंद घर, खिडक्या लावलेल्या, पंखा नाही. पुण्यातही दुपारी हॉल किती तापतो ते एकदा थर्मामीटर लावून बघा.

चेरीला २२ ते २६ अंश उत्तम, २८ पर्यंत निभावतं. ३० च्या वर दिवसेंदिवस राहिलं की हाल सुरू होतात. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. आणि नेमकी तेव्हाच कोळंबीला गरज जास्त असते. माझ्याकडे मे महिन्यात ३३ ला पोचलं होतं, सगळ्या पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन बसल्या होत्या. ते दृश्य विसरता येत नाही.

मी काचेच्या कडेला छोटा पंखा बसवला, पाण्यावर वारा मारणारा. दोन-तीन अंश हमखास उतरतात.

मीटरवाले | ५ मार्च

ऊनसावली, पंखा तुमच्या घरी ठीक, कारण तुम्ही घरी आहात. ताईंच्या बंद घरात मला तो धोक्याचा वाटतो. पंखा थंडावा देतो तो पाण्याची वाफ करूनच. एक फुटी टाकीत पाणी एक सेंटीमीटर उतरलं की ९०० मिलिलिटर गेलं. उन्हाळ्यात पंख्याखाली आठवड्याला चार-पाच सेंटीमीटर सहज जातं. वहिनींची एक फेरी चुकली तर स्पंज पाण्याबाहेर.

दुसरं, वाफ होते ती निव्वळ पाण्याची. क्षार मागेच राहतात. त्यात परत नळाचं पाणी ओतत गेलं तर दर वेळी क्षारांची भर पडते. तीन महिने टाकीला बोअर किंवा टँकरचं जड पाणी मिळालं तर पाणी हळूहळू इतकं जड होतं की कात टाकताना त्या अडकतात. म्हणून कमी झालेली पातळी भरायला आरओचं गाळलेलं पाणी. पाणी बदलायला नव्हे हं, फक्त पातळी भरायला. सगळंच आरओचं केलं तर कवचाला लागणारं कॅल्शियमच उरणार नाही.

माझं मत: वर काचेचं झाकण, बोटभर फट ठेवून. आणि टाकी घरातल्या सगळ्यात थंड जागी.

ऊनसावली | ५ मार्च

मीटरवाले, पटलं. घरात माणूस नसेल तर पंखा नको. पण झाकणाने वाफ अडली की थोडी उष्णताही अडते, म्हणून जागेवर जोर द्या. पश्चिमेची भिंत नको, माळा-कपाटाची उंची नको. जमिनीलगत ठेवली तर आणखी बरं.

गच्चीवरची_बाग | ६ मार्च

एवढा खटाटोप कशाला? पाषाण तलावात सोडून या. मोकळ्या जगतील, ताईंच्या मनालाही समाधान.

पाणकोंबडी | ६ मार्च

नाही, नाही, नाही. कृपा करून कुणीही हे करू नका. परदेशी जीव आपल्या पाण्यात सोडायचा नाही. जगल्या तर इथल्या झिंग्यांच्या जागेत घुसणार, रोग आणणार. नाही जगल्या तर माशांच्या तोंडी जाणार. दोन्हीत समाधान कसलं?

ऱ्हाइनकाठचा | ६ मार्च

मी कोलोनला असतो. इथून जवळच गिलबाख नावाचा ओढा आहे, त्यात वीज केंद्राचं कोमट पाणी येतं, त्यामुळे हिवाळ्यातही गोठत नाही. कुणीतरी टाकी रिकामी करताना सोडलेल्या ह्याच चेरी तिथे रुजल्या आणि २०१३ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. जर्मनीच्या थंडीत हे होऊ शकतं तर पाषाणमध्ये काय होईल!

ताई, लेक कुठे आहे? जवळपास असेल तर जरूर या. इथे कोळंबी पाळणाऱ्यांची मोठी मंडळी आहे.

गच्चीवरची_बाग | ६ मार्च

हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेते.

सॅनहोजेकर | ७ मार्च

थोडं वेगळं. मी ओपे उला पाळतो. हवाईच्या लाव्हा खडकांत समुद्राजवळ डबकी असतात, वरून गोडं आणि खालून खारं पाणी झिरपून मिसळतं, त्यातली ही लाल कोळंबी. लांबी एक-सव्वा सेंटीमीटर. मचूळ पाण्यात राहते, फिल्टर लागत नाही, खाणं नावालाच, आणि वीस वर्षांपर्यंत जगते. मी मुंबईला दोन महिने येतो तेव्हा टाकीकडे कुणी फिरकतही नाही.

पण यावरून कुणी ते सीलबंद काचेचे गोळे भेट म्हणून आणू नका. त्यात हीच कोळंबी असते. एवढी चिवट आहे म्हणूनच आतल्या आत वर्ष-दोन वर्षं तग धरते, आणि विकणारे म्हणतात बघा, काहीच करावं लागत नाही. जी वीस वर्षं जगू शकते ती दोन वर्षांत जाते, याला जगणं म्हणत नाहीत.

आडवळण | ७ मार्च

सॅनहोजेकर, फार महत्त्वाचं लिहिलंत. ‘काही करावं लागत नाही’ या शब्दांवर माझा राग आहे. चेरीसुद्धा सोपी वाटते ती टाकी मुरलेली असते म्हणून. नवी टाकी लावून पंधरा दिवसांत कोळंब्या सोडल्या आणि गावाला गेलं, तर परत येऊन रिकामी टाकी बघायची तयारी ठेवावी. चार ते सहा आठवडे निव्वळ पाणी आणि मॉस, तिथे काम असतं ते वाट बघण्याचं.

रानजाई | ८ मार्च

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. फवारणी.

आमच्या सोसायटीत दर तिमाहीला झुरळांचं औषध मारतात. मी नेमकी त्या दिवशी ऑफिसात होते, सासूबाईंनी दार उघडलं. फवारा स्वयंपाकघरात मारला, टाकी बेडरूममध्ये, दार लोटलेलं. रात्री घरी आले तर काही कोळंब्या उलट्या होऊन गोल गोल फिरत होत्या. सकाळपर्यंत एकही उरली नाही. मासे मात्र ठणठणीत.

झुरळ-डासांच्या फवाऱ्यांत आणि डास पळवणाऱ्या लिक्विडमध्ये असतात ती औषधं बहुतेक पायरेथ्रॉइड. ती किड्यांसाठीच बनवलेली, आणि कोळंबी नात्याने किड्यांच्या जवळची. वर आपला एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात बुडबुड्यांनी सोडतो. ताई, वहिनींना आणि वॉचमनना दोघांनाही सांगून जा. दारावर चिठ्ठी लावा: ‘आत फवारणी नको’. पावसाळ्याच्या तोंडावर धूर मारायला येतात, हॉलची खिडकी त्या दिवसांत बंदच हवी. माशांच्या औषधांतलं तांबंही तसंच घातक, त्यामुळे पाणी जरा गढूळ दिसलं म्हणून कुणी बाटलीतलं काही ओतू नये.

खाडीकाठ | ८ मार्च

रानजाई, वाचून पोटात तुटलं. यावरून आठवलं: घर बंद करताना आपण सवयीने मेन स्विच पाडतो! ताई, निघायच्या गडबडीत भाऊजींना आठवण करा. फ्रिज रिकामा केला तरी टाकीच्या पंपाची लाइन चालू राहायला हवी. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, किंवा नळीत उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह घाला. नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून मागे येऊन पंपात उतरतं.

मीटरवाले | ९ मार्च

लाइट टायमरवर, पाच-सहा तास पुरे. आणि जायच्या आदल्या दिवशी टाकी घासूनपुसून लख्ख करू नका. अशी चूक करणारे खूप पाहिलेत. मागची आणि बाजूची काच हिरवी होऊ द्या, तेच तीन महिन्यांचं धान्य.

मालवणी_सुंगटा | ९ मार्च

बदामाचं पान घातलं का कुणी? आपला रस्त्यावरचा देशी बदाम. पिकून लाल होऊन गळलेलं, वाळलेलं पान, स्वच्छ धुऊन. परदेशात लोक हे विकत घेतात, आपल्याकडे झाडणारे गोळा करून जाळतात. हळूहळू कुजतं, कोळंब्या गर खातात आणि शेवटी शिरांची जाळी उरते, लेस विणल्यासारखी.

पाणकोंबडी | ९ मार्च

हो, उत्तम! एका वेळी एकच पान. दर तीन आठवड्यांनी वहिनी एक टाकतील, हाताला क्रीम वगैरे नसताना. दाण्यांपेक्षा शंभरपट सुरक्षित. पाठोपाठ पानं घातली गेली तरी कुजून पाणी बिघडायला वेळ लागतो.

आणि ताई, आज ९ मार्च. तुमच्याकडे पाच आठवडे आहेत. घरी असतानाच प्रवासाला गेल्यासारखं वागून बघा. पंधरा दिवस खाणं बंद, हात घालायचा नाही, झाकण लावायचं, फक्त पातळी आणि तापमान लिहून ठेवायचं. काय बिघडतं ते तुमच्या डोळ्यांसमोर बिघडू दे.

आडवळण | १० मार्च

आणि १५-२० कोळंब्या आत्ताच दुसऱ्या कुणाकडे ठेवा. एका टाकीला काही झालं तरी वंश राहतो. पुण्यातले असाल तर मी तयार आहे, बाणेरला.

अबोली | २८ मार्च

केवढं लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी! प्रिंट काढून ह्यांना वाचायला दिलं.

रंगीत तालीम झाली. टाकी हॉलच्या पश्चिम खिडकीजवळ होती, दुपारी तीनला पाणी २९.५ भरलं. म्हणून ती आतल्या पॅसेजमध्ये हलवली, देवघराशेजारच्या बुटक्या स्टुलावर. पाऊण पाणी बादल्यांत काढलं, ह्यांनी आणि वॉचमननी उचलली, तेच पाणी परत ओतलं. आता दुपारी २७.५. झाकण लावून पंधरा दिवसांत पातळी साधारण एक सेंटीमीटर उतरली. खाणं शून्य, मेलेली एकही दिसली नाही. आणखी दोन माद्यांना अंडी आहेत.

आडवळण, २० कोळंब्या मॉससकट रविवारी आणून देते.

एक अडचण. वहिनी म्हणतात, ‘अहो, तीन महिने उपाशी? मला रात्री झोप लागायची नाही.’

पाणकोंबडी | २८ मार्च

वहिनींना करायला काहीतरी द्या. कागदाच्या पुड्या बांधून त्यांवर तारीख घाला, दर रविवारी एक, आत दोनच दाणे. त्यांच्या हातून खाऊ जाईल, कोळंब्याही सुखी.

मीटरवाले | २९ मार्च

आणि लिटरभर पाण्याच्या बारा बाटल्या, आरओच्या, क्रमांक घालून. काचेवर रंगीत चिकटपट्टीने रेघ मारा. पाणी रेघेखाली गेलं तरच बाटली उघडायची, आणि धार मॉसवर पडेल अशी हळू ओतायची.

ऊनसावली | १४ एप्रिल

ताई, सुखाचा प्रवास. लेकीला आणि बाळाला आशीर्वाद. मेन स्विच!

अबोली | १९ जुलै

धागा वर काढतेय. परवा रात्री पोचलो. नातू झालाय, साडेतीन किलोचा, दोघं सुखरूप.

बॅगा दारातच टाकून आधी पॅसेजमध्ये गेले. पंपाचा बारीक आवाज येत होता. टॉर्च लावला तर बदामाच्या पानाची जाळी उरलेली आणि त्या जाळीवर तांदळाच्या कणीएवढी पिल्लं, इतकी पारदर्शक की डोळ्यांच्या काळ्या ठिपक्यांवरून ओळखायची. सकाळी मोजायचा प्रयत्न केला, ८० नंतर सोडून दिलं.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनींनी पाणी ३०.५ पाहिलं, तीन दगावल्या. त्यांनी कुणालाही न विचारता ओला पंचा टाकीच्या तीन बाजूंनी गुंडाळला, रोज संध्याकाळी येऊन भिजवायच्या. दोन दिवसांत २८.५ वर आलं. हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखांच्या चौकटीत लिहिलंय: ‘पा. ठीक’, ‘बाटली ५’, ‘मोठी लाल दिसली नाही’, दुसऱ्या दिवशी ‘मोठी लाल दिसली’. बाटल्या आठ संपल्या. पुड्या सगळ्या.

रानजाई, तुमची दारावरची चिठ्ठी कामी आली. जूनमध्ये फवारणीवाला आला होता, वाचून परत गेला.

रानजाई | १९ जुलै

ताई, डोळे भरून आले. नातवाचं अभिनंदन!

आडवळण | २० जुलै

तुमच्या २० च्या इथे ३५ झाल्यात. केव्हा नेताय?

अबोली | २० जुलै

आडवळण, त्या आता माझ्याकडे नाही यायच्या. वहिनींना स्वतःची टाकी हवी आहे. काल संध्याकाळी येऊन म्हणाल्या, रोज बघायची सवय झाली, आता करमत नाही. त्यांच्या घरी पूर्वेची भिंत आहे, ऊन येत नाही. टाकी एक फुटी घ्यावी की दीड फुटी?

मीटरवाले | २० जुलै

दीड. पाणी जास्त असलं की सगळंच सावकाश बिघडतं. आणि तुमच्या स्पंजमधलं पिळलेलं पाणी आणि मूठभर मॉस त्यांना आजच द्या.